पाहुणा आणि वहिवाट

“रस्ता महानगरपालिकेचा आहे, घराची दर्शनी भिंत त्या रस्त्याकडे तोंड करून उभी आहे, आणि छायाचित्र घेणारा मनुष्य रस्ता सोडून एक पाऊलही आत येत नाही, मग, भाई, तुमच्या शेजारीणबाईंनी दारावर छायाचित्रणाला मनाई करणारी ही पाटी कोणत्या अधिकाराने लावली आहे, ते मला एकदा समजावून सांगा,” असे तात्यांनी विचारले, आणि त्या एका प्रश्नापासून जो वाद सुरू झाला तो दिवेलागणीपर्यंत चालला.

तात्या पुण्याचे. महसूल खात्यात सारी हयात गेल्यामुळे दस्तऐवजावाचून ते कोणताही हक्क मानीत नाहीत. मात्र हक्क एकदा शाबीत झाला की तो दुबळ्यातल्या दुबळ्या कुळाच्या पदरात पडावा म्हणून वरिष्ठांचा रोष पत्करण्यासही त्यांनी कधी मागेपुढे पाहिले नाही. भाई पणजीचे, मराठी शाळेतील निवृत्त मास्तर. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी मळा नावाचा जो भाग आहे तेथे त्यांचे घर, आणि तेथून हाकेच्या अंतरावर फोंतेन्यास ही जुनी वस्ती, जिच्या निळ्या, पिवळ्या आणि गेरूच्या रंगाच्या भिंती, लाकडी सज्जे आणि कौलारू छपरे यांची छायाचित्रे आज देशभर फिरत आहेत. दोघेही माझे वडीलधारे स्नेही असल्याने मी बहुतांशी ऐकण्याचेच काम केले. परंतु जे ऐकले ते लिहून ठेवावे असे मला तीव्रतेने वाटते, कारण महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य कुटुंबे गोव्यास जातात, आणि त्यांपैकी पुष्कळजण, जेथे कसलीच रीतभात नाही अशा एका प्रदेशात आपण चार दिवस मोकळेपणाने राहून आलो, अशा समजुतीने परततात.

भाईंनी लगेच उत्तर दिले नाही. खिडकीतून समोरच्या घराकडे बोट दाखवून ते म्हणाले, “त्या पाटीचा इतिहास आधी ऐका. आमच्याकडील जुन्या घरांना दरवाजाबाहेर, चार पायऱ्या चढून गेल्यावर, छप्पर असलेला एक ओटा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर बांधीव बैठका असतात. त्याला बाल्कांव म्हणतात. ऊन उतरले म्हणजे घरातील वडील माणसे तेथे येऊन बसतात. रस्त्याने जाणारा, ओळखीचा असो वा नसो, ‘देव बरी सांज दिवूं’ म्हणून पुढे जातो, आणि घरधन्याने ‘बस’ म्हटले तर पायऱ्या चढून बसतो. न बोलावता कोणी बसत नाही, आणि बोलावल्यावर घाईने कोणी नाकारीत नाही. गावातील निम्मे सोयरसंबंध आणि निम्मे तंटे या बैठकांवर जुळले आणि मिटले आहेत. अशा त्या जागी एके दिवशी भर दुपारी, बाई आत विश्रांती घेत असताना, सात-आठजण येऊन बसले. एकीने बाईंची झाडांना पाणी घालायची झारी उचलून हातात धरली, एकजण दाराला टेकून उभा राहिला, आणि आवाज ऐकून बाई बाहेर आल्या तेव्हा, ‘आजी, जरा बाजूला व्हा, तुम्ही फोटोत येता,’ असे त्यांना सांगण्यात आले. पाटी त्यानंतर लागली.”

तात्यांचा चेहरा गंभीर झाला. “ओट्यावर चढणे हा उघड आगळिकीचा प्रकार आहे आणि त्याची तरफदारी मी करणार नाही,” ते म्हणाले. “पण तुमची पाटी ओट्यावर बसणाऱ्याला उद्देशून नाही, रस्त्यावरच्या माणसाला उद्देशून आहे, आणि माझा आक्षेप तेथे आहे. वहिवाटीचा दावा कचेरीत आला म्हणजे आम्ही दोन गोष्टी प्रथम विचारीत असू : ही वहिवाट किती काळापासूनची, आणि विरुद्ध पक्षाला ती ठाऊक होती काय? जळगावहून रात्रभर प्रवास करून आलेल्या, आयुष्यात प्रथमच समुद्र पाहणाऱ्या कुटुंबाला तुमच्या बाल्कांवाची रीत ठाऊक असण्याचा संभवच नाही. दुपारी एक ते चार तुमची दुकाने बंद असतात, त्या वेळी दारे वाजवू नयेत, हे त्याला कोणी सांगितले? देवळात गुडघ्यावरचे कपडे चालत नाहीत हे त्याला केव्हा समजते? पोराबाळांसह उन्हातून चालत जाऊन दाराशी पोहोचल्यावर. जो नियम मोडल्यानंतरच कळतो त्याबद्दल माणसाला अपराधी लेखणे मला न्याय्य वाटत नाही.”

तात्यांच्या या म्हणण्यात सामान्यतः मानले जाते त्याहून अधिक तथ्य आहे, असे मला वाटते. आपल्याकडचा पूर्वीचा प्रवासी हा जेथे जाई तेथे कोणाचा तरी पाहुणा असे. लग्नाकार्यास गेला तर नातलगांच्या घरी उतरे. पंढरपूर, नाशिक किंवा काशी येथे गेला तर कुळाचे ठरलेले तीर्थोपाध्याय त्याला उतरवून घेत, आपल्या वहीत त्याच्या आजा-पणजाचे नाव काढून दाखवीत, आणि स्नान कोठे करावे, पायताण कोठे काढावे, कोणाच्या दारी जाऊ नये, हे सर्व त्याला त्या एका मुखातून कळे. उपाध्याय दक्षिणेसाठी अडून बसतात अशी तक्रार त्या काळीही होती आणि ती खोटी नव्हती. परंतु गावाची रीत आगंतुकाच्या कानी घालण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न त्या व्यवस्थेत कधी निर्माण झाला नाही. आज खोली दूरध्वनीच्या पडद्यावर ठरते, किल्ली एखादा पगारी मुलगा देतो, आणि घराचा मालक कित्येकदा दुसऱ्या शहरी असतो. प्रवासी वाढले, पण यजमान नाहीसा झाला. आणि यजमान नसलेल्या पाहुण्याला आपण पाहुणे आहोत याचाच विसर पडला तर त्यात सारा दोष त्याचा कसा मानावा?

भाईंना ही गोष्ट मान्य होती, परंतु ती पुरेशी वाटत नव्हती. “अज्ञान असते तर माझी तक्रार नव्हती,” ते म्हणाले. “अनोळखी गावात अज्ञानी माणूस बिचकून वागतो, विचारतो, दुसऱ्याचे पाहून करतो. तुमचा जळगावचा गृहस्थ उद्या वाईला किंवा पैठणला गेला तर कोणाच्या पडवीत असा शिरणार नाही; तेथील रीत त्याला ठाऊक आहे म्हणून नव्हे, तर तेथे काही रीत असणार हे तो गृहीत धरतो म्हणून. गोव्याविषयी मात्र त्याने आधीच ठरवून टाकलेले असते की येथे सर्व चालते. १९६० नंतरच्या दशकात हणजुण्याच्या किनाऱ्यावर परदेशी हिप्पी येऊन राहिले, पुढे मोठी हॉटेले आली, १९८७ पासून परदेशी प्रवाशांची खास विमाने उतरू लागली, चित्रपट निघाले, जाहिराती निघाल्या. आणि या सर्वांतून जो गोवा लोकांच्या मनात उभा राहिला त्यात गाव नाही, देऊळ नाही, चर्चमधल्या सकाळच्या मिस्सेला इस्त्रीचे कपडे घालून जाणारी म्हातारी नाही. आहे ती केवळ वाळू आणि बाटली. अहो, आमचा मनुष्य मद्य घेतो, हे खरे. पण तो तावेर्नात बसून, शेजाऱ्याशी बोलत, मोजके घेतो आणि जेवणाच्या वेळेला घरी येतो. रस्त्यात बाटली घेऊन फिरणारा आमच्या गावात आजही नावाने ओळखला जातो. पोहण्याच्या कपड्यात आमची मुले किनाऱ्यावर असतात, बाजारात नसतात. या गोष्टी आम्ही कोठे लिहून ठेवल्या नाहीत, कारण त्या लिहाव्या लागतील असे आम्हाला वाटले नव्हते.”

“आता लिहिल्या आहेत की,” तात्या म्हणाले. “पर्यटनस्थळांच्या रक्षणाचा तुमचा कायदा २००१ चा. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि उघड्यावर मद्य पिणे, बाटल्या फोडणे, किनाऱ्यावर चुली मांडणे यांस एकट्यादुकट्याला दोन हजार आणि घोळक्याला दहा हजार रुपये दंड तेव्हा ठरला. हा मार्ग सरळ आहे. नियम जाहीर करा, मोडणाऱ्याकडून वसूल करा, आणि जे नियमात लिहिले नाही त्याबद्दल कोणावर रागावू नका.”

“दंडाने काय झाले ते मी पाहिले आहे,” भाई उत्तरले. “पूर्वी कोणी वाळूत बाटली फोडली आणि एखाद्या म्हाताऱ्या रापणकाराने त्याला हटकले, तर तो निदान खाली पाही. आता तो पैसे काढतो. दंड भरला की आपण वाईट वागलो ही भावना संपते आणि आपण किंमत दिली ही भावना सुरू होते. त्या वाळूवर रापण ओढली जाते, पन्नासपन्नास माणसे अनवाणी पायांनी जाळे किनाऱ्याला आणतात. फुटलेल्या काचेने कोणाचा पाय कापला तर तो दंड त्या माणसाच्या हाती येत नाही. मोरजीला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यासाठी वाळूवर चढतात; तेथे मोटारी नेण्यास मनाई आहे, आणि तरीही किनाऱ्यांवर मोटारी रुतल्याच्या बातम्या दर मोसमात येतात. मनाई ठाऊक नसते असे नव्हे, दंड परवडतो.”

“मग पर्ऱ्याच्या पंचायतीने काय केले?” तात्यांनी विचारले, आणि या प्रश्नाने भाई खरोखर दुखावले गेल्याचे मला दिसले. पर्रे हे बार्देस तालुक्यातील गाव. तेथे दोन्ही बाजूंना माडांची रांग असलेला एक रस्ता आहे, आणि एका हिंदी चित्रपटात तो दिसल्यापासून तेथे छायाचित्रांसाठी रीघ लागली. २०२० च्या आरंभी पंचायतीने तेथे छायाचित्र घेणाऱ्यांकडून स्वच्छतेच्या नावाने कर वसूल करण्यास सुरुवात केली. पुढे त्यावर गवगवा झाला आणि वसुली थांबली. “तेव्हा किंमत ठरविणारे तुम्हीच,” तात्या म्हणाले. “वर्षाला एक कोटीहून अधिक माणसे गोव्यात येतात असा तुमच्या सरकारचा २०२४ चा आकडा आहे, आणि २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे तुमची वस्ती पंधरा लाखांच्याही आत. इतका मोठा लोंढा तुमच्या संमतीवाचून आलेला नाही. फोंतेन्यासमध्ये खोल्या भाड्याने देणारे, खानावळी काढणारे, भाड्याच्या दुचाक्या दारात लावणारे हे सर्वच बाहेरचे नाहीत, तुमच्यातलेही आहेत.”

“आमच्यातलेही आहेत,” भाईंनी शांतपणे मान्य केले. “माझा पुतण्याच आहे.”

येथे वाद थांबेल असे मला वाटले होते. परंतु तात्यांच्या मनात याहून मोठी शंका होती आणि ती त्यांनी ज्या कळकळीने मांडली ती मी विसरू शकत नाही. “भाई, ‘आमची रीत’ हा शब्दप्रयोग ऐकला की मला भीती वाटते. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, ते विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून, आणि त्यांच्या विरोधात जे उभे होते तेही ‘आमची रीत’ असेच म्हणत होते. ती रीतही जुनी होती, तिलाही वहिवाटीचा आधार होता, आणि ती मोडली म्हणूनच आपण आज तोंड वर करून जगतो. तुमच्या गावकरीतील, म्हणजे सामाईक गावसंस्थेतील, जोण नावाचा उत्पन्नाचा वाटा केवळ पुरुष वंशजांना मिळे. त्या गावची शेते ज्या बायकांनी लावली आणि कापली त्यांचा त्यात वाटा नव्हता. ही देखील रीतच. तेव्हा गावात शिरणाऱ्या परक्याने कोणत्या रीतीपुढे मान लववावी आणि कोणती ओलांडावी, हे ठरविण्यास त्याच्या हाती लिखित कायद्याखेरीज दुसरे कोणते माप आहे?”

भाई बराच वेळ गप्प होते. मग ते म्हणाले, “गुरुजींनी काय केले ते पाहा. ते पंढरपूरला गेले, तेथे राहिले, महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी आधी लोकांचे मन वळविले आणि शेवटी स्वतःच्या देहाला क्लेश दिले. त्यांनी रीत मोडली ती तिच्याखाली दडपलेल्या माणसांसाठी, आणि त्या गावाच्या देवावर त्यांची भक्ती होती. बाईंच्या ओट्यावर चढलेली मंडळी कोणाच्या मुक्तीसाठी चढली होती? रीत ओलांडण्याचा अधिकार मी परक्याला नाकारीत नाही, तात्यासाहेब. पण तो आधी तिच्यापुढे थांबला होता काय, एवढे मी विचारतो. आणि पंढरपूरचे नाव तुम्ही काढलेत तर वारीचेच बोला. आषाढीला लक्षावधी माणसे त्या लहानशा गावात येतात, घरोघरच्या पडव्यांत आणि अंगणांत उतरतात, आणि गाव त्यांना आपले म्हणते. ते का? प्रत्येक दिंडीला क्रम आहे, प्रत्येक दिंडीला कोणी जबाबदार आहे. माउलींच्या पालखीच्या तळावर सायंकाळी समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की सारा जनसमुदाय निःशब्द होतो. मग दिवसभरात हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, कोणत्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती ऐकली जाते, उद्याच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते. त्या तळावरही यात्रेकरूच असतात, बहुतेक शेतकरी. कित्येकांना लिहिता-वाचता येत नाही. येथे येणाऱ्या सुशिक्षितांकडून याच्या शतांशाची अपेक्षा करणे फार आहे काय?”

यावर तात्यांजवळ उत्तर नव्हते असे नाही. वारीनंतरच्या चंद्रभागेच्या वाळवंटाची अवस्था त्यांनी सांगितली, आणि ती खरी होती. परंतु चोपदाराचा दाखला त्यांच्या मनात रुतला होता, कारण त्यात त्यांना आवडणारी गोष्ट होती : रीत मोठ्याने, सर्वांसमोर, दररोज सांगितली जात होती. मला स्वतःला हा त्या दिवसाच्या संभाषणातील कळीचा मुद्दा वाटतो. न सांगितलेल्या रीतीचा अभिमान बाळगणे आणि ती मोडली की दुखावून घेणे ही आपल्या समाजाची जुनी सवय आहे. सासुरवाशिणींच्या कित्येक पिढ्या याच सवयीखाली रडल्या आहेत. आणि दुसऱ्याच्या दाराशी गेल्यावर विचारण्यात कमीपणा मानणे ही तितकीच जुनी, आणि पैसे मोजून गेल्यावर तर अधिकच बळावणारी खोड आहे.

तेव्हा मी प्रथमच मध्ये बोललो आणि १५२६ च्या सनदेची गोष्ट काढली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला. जेत्याला प्रजेच्या चालीरीती विचारण्याचे काही कारण नसते. तरीही तिसवाडीच्या गावांचा वसूल सुरळीत यावा म्हणून अफोंसो मेशिया या त्यांच्या महसूल अधिकाऱ्याने १५२६ साली गावकऱ्यांच्या रीतीरिवाजांची सनद तयार केली : जमिनी कोणाच्या, पडीक जागा कोणी कशी द्यावी, सरकारदेणे कसे वाटून घ्यावे, वारसा कोणाला, मानपानाचा क्रम काय. पुढे याच राजवटीने देवळे पाडली. मंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गेला केळशीहून कवळ्याला जावे लागले. त्या जुलमाचे समर्थन कोणी करू नये. पण गावाची रीत विचारून घेऊन कागदावर उतरविल्यावाचून आपल्याला येथे नांदता येणार नाही, इतके त्या परक्या अधिकाऱ्याला कळले होते.

“महसुलाचा माणूस,” तात्या समाधानाने म्हणाले.

“आणि त्याने विचारले होते,” भाई म्हणाले.

त्यानंतर दोघांनी जे केले ते माझ्या अपेक्षेबाहेरचे होते. तात्यांनी कागद मागितला आणि पुतण्याच्या घरी उतरणाऱ्यांना किल्लीबरोबर द्यावयाच्या सूचनापत्राचा मसुदा ते करू लागले. दुपारची वेळ, बाल्कांव, रात्रीचा आवाज, कोणाच्या दाराचे चित्र घ्यावयाचे तर घरच्या माणसाला आधी विचारणे, हे सर्व त्यांनी सरळ मराठीत लिहिले. आणि प्रत्येक कलमाला कारण जोडले, कारण ज्या हुकमाला कारण नसते तो माणूस पाळतो पण मानीत नाही, असे त्यांचे मत होते. शेवटी अनामत जप्तीचे कलम आले तेव्हा भाईंनी हात धरला. दंड नको, असा त्यांचा आग्रह. त्याऐवजी घरमालकाने प्रत्येक पाहुण्याला एकदा स्वतः बरोबर घेऊन समोरच्या बाईंकडे जावे आणि ओळख करून द्यावी. ज्याचे नाव माहीत आहे अशा माणसाच्या ओट्यावर कोणी न विचारता चढत नाही, हा त्यांचा अनुभव.

“व्यवहारात हे बसणार नाही,” तात्या म्हणाले. “लोक रात्री दोनच्या विमानाने उतरतात.”

“मग सकाळी न्यावे.”

“तुमचा पुतण्या नेईल?”

“त्याच्या आजोबांनी नेले असते. त्याला मी सांगेन, आणि तो ऐकणार नसेल तर मी नेईन.”

तात्यांनी जप्तीचे कलम खोडले आणि त्या जागी, आल्यानंतरच्या पहिल्या दिवशी सकाळी, न्याहारीपूर्वी, घरमालकाने पाहुण्यास शेजारी भेटीस न्यावे, असे लिहिले. भाईंनी कागद हाती घेऊन ‘न्याहारीपूर्वी’ हा शब्द काढला आणि ‘न्याहारीनंतर’ असा घातला. कारण न्याहारीपूर्वी बाई मिस्सेहून परतलेल्या नसतात.